गाणं उचलताना : बेंजो पार्टीच्या पोरांसाठी प्रस्तावना

या पुस्तिकेत पूर्ण गाणं एकही सापडणार नाही. आहेत ती फक्त गाण्यांची तोंडं. मुखड्याआधी बेंजोवर किंवा कॅसिओवर वाजतो तो तुकडा, त्याच्याही आधी मोजायचे आकडे, आणि तुकडा संपल्यावर मुखडा कुठल्या मात्रेवर पडतो त्याची खूण, एवढंच. पेणपासून रोह्यापर्यंत, मधल्या वडखळ, कासू, नागोठण्याच्या पट्ट्यात दिवसा कंपनीत, दुकानात किंवा गणपतीच्या कारखान्यात काम करून रात्री सुपारीला जाणारी जी पोरं आहेत, त्यांच्यासाठी ही पुस्तिका केली आहे. गाण्याची चाल त्यांना शिकवायला नको. मोबाइलवर चार वेळा ऐकलं की चाल बोटात येते. अडतं ते पहिल्या दोन सेकंदांत.

तिथे होतं असं, की बेंजोवाला स्वतःच्या लयीत तुकडा धरतो, ऑक्टोपॅडवाला अर्धी मात्रा मागून येतो आणि ताशेवाला दोघांपैकी जो जवळ उभा असेल त्याच्या मागे लागतो. दुसऱ्या ओळीपर्यंत सगळे कसेबसे एका जागी येतात आणि पुढचं गाणं झकास होतं. यावर पार्टीच्या मालकांचं ठरलेलं उत्तर असतं : पब्लिकला कळत नाही. मला हे पटत नाही. पब्लिकला मात्रा सांगता येत नसेल, पण पायाला कळतं. तोंड वाकडं पडलं की नाचणारा उचललेला पाय तसाच धरून उभा राहतो, शेजाऱ्याकडे बघतो, आणि ठेका सापडल्यावरच टाकतो. हा अडखळलेला घोळका कुठल्याही मिरवणुकीत कडेला उभं राहून पाहता येतो.

आमच्या भागात वाजवायचे दिवस पुष्कळ. पेण म्हणजे गणपतीच्या मूर्ती. हमरापूर, जोह्यासारख्या गावांत घरोघरी कारखाने. मूर्ती बाहेरगावी निघतात तेव्हा मंडळाची माणसं वाजंत्री घेऊनच येतात. मग गणेशोत्सव, आणि तो संपला असं बाकीच्या महाराष्ट्राला वाटतं तेव्हा इकडे साखरचौथीचे गणपती बसतात, म्हणजे मिरवणुका पुन्हा सुरू. दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. ग्रामदैवताला पोलिसांची सशस्त्र सलामी मिळते म्हणून ही पालखी लांबलांबून लोक बघायला येतात. पुढे लग्नसराई, आणि लग्नापेक्षा हळद मोठी. आगरी-कोळी घरांत हळदीच्या रात्री बेंजो नसला तर पाहुणे यजमानाला वर्षभर ऐकवतात. शिमग्याला परत पालख्या. एवढं सगळं वाजवूनही 'उचलायचं कसं' हे कुणी कुणाला शिकवत नाही. जुना वाजवणारा मान हलवतो आणि नव्यानं ती समजून घ्यायची, एवढीच शाळा.

वाद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मोजणीच्या निम्म्या अडचणी त्याच्या बांधणीतून येतात. आपला बेंजो तो अमेरिकन बँजो नव्हे. तो चामड्याच्या गोल तोंडाचा. आपला लाकडी पेटीवर तारा ताणलेला आणि वर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेला. याला बुलबुल तरंग म्हणतात. त्याचा पूर्वज जपानी : नागोयाच्या मोरिता गोरोनं 1912 मध्ये, तैशो राजवट सुरू झाली त्याच वर्षी, तैशोगोतो बनवला. तो हिंदुस्थानात आला, इथल्या कारागिरांनी बदलला, आणि कोकणात नि मुंबईच्या चाळींत पिकअप लावून रस्त्यावर उतरला. डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातात नखी. म्हणजे सुरुवात करणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले. हार्मोनियमवाल्याचेही गुंततात, पण तो बैठकीत बसलेला असतो आणि तबलजी हातभर अंतरावर असतो. बेंजोवाला गाडीवर, ढोल-ताशा खाली रस्त्यावर, मधे जनरेटरची घरघर. इशारा द्यायचा कशानं? मान किंवा डोळे, एवढंच उरतं. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे की मोजणी बेंजोवाल्यानं करू नये. ज्याच्या हातात काठी आहे त्यानं करावी.

तुकड्याकडे येऊ. आपण ज्याला इंट्रो म्हणतो तो बहुतेक वेळा गाण्याच्या संगीतकारानं एकट्यानं रचलेला नसतो. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत चाल संगीतकाराची, पण वाद्यवृंदाचे तुकडे लिहायला अरेंजर असत, आणि त्यांतले कितीतरी गोव्याचे. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत. तीच मुलं पुढे मुंबईला येऊन व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन घेऊन बसली. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी केलेलं काम घ्या. ती गाणी लोक पहिल्या व्हायोलिनच्या फटक्यावर ओळखतात, लताबाईंनी तोंड उघडायच्या आधी. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नाव गाण्यात घालून मोकळे झाले. रोह्याच्या नाक्यावर एखादा पोरगा बेंजोवर जुन्या गाण्याचं तोंड वाजवतो तेव्हा तो यांच्यापैकी कुणाचं तरी कागदावरचं काम वाजवत असतो. त्याला हे ठाऊक नसतं. असावं, असं मला वाटतं. नुसत्या आदरासाठी नाही, तर त्या लोकांनी तो तुकडा कशासाठी लिहिला हे कळावं म्हणून.

स्टुडिओतलं तोंड गायिकेला स्वर देतं, लय देतं आणि गाण्याचा रंग ठरवतं. पन्नास-साठ वादक समोर, कंडक्टरचा हात वर, माइक ठरलेल्या जागी. तिथे चाळीस सेकंदांचं तोंड परवडतं. रस्त्यावर गोष्ट निराळी. इथे तोंडाचं पहिलं काम ओळख पटवणं. दोन फटक्यांत गाणं कळलं पाहिजे, कारण कळल्याबरोबर घोळक्यातून आरोळी उठते आणि तीच खरी दाद. दुसरं, नाचणाऱ्याला लय देणं. रंग वगैरे उरला तर बघू. त्यामुळे रेकॉर्डवरचं तोंड जसंच्या तसं वाजवणं हा मला कसबाचा नाही, आळसाचा भाग वाटतो. कापायचं कुठे हे ठरवायला डोकं लागतं. सगळं पाठ करायला लागत नाही. या पुस्तिकेत बहुतेक तोंडं दोन किंवा चार आवर्तनांवर आणली आहेत. जिथे रेकॉर्डवर बासरीचा लांब आलाप आहे तिथे तो गाळला आहे. मिरवणुकीत आलाप सुरू केला की अर्धी पोरं पाणी प्यायला जातात.

ज्या गाण्याचं तोंड लक्षात नाही किंवा ज्याला तोंडच नाही, त्यासाठी एक जुना उपाय आहे : मुखड्याची शेवटची ओळ वाजवायची आणि तिच्या शेपटाला धरून मुखडा उचलायचा. आपले भजनी बुवा पिढ्यान्‌पिढ्या पेटीवर हेच करतात. अमेरिकेतल्या कंट्री बँडवाल्यांचाही हाच रिवाज. कडव्याची शेवटची ओळ फिडलवर किंवा स्टील गिटारवर वाजली की गायकानं समजावं, आता मी. त्यांच्याकडे गाणं ऐनवेळी ठरतं, आपल्यासारखंच. पट्टी बोटांनी सांगायची पद्धतही आहे : शार्पच्या पट्ट्यांसाठी बोटं वर, फ्लॅटच्या पट्ट्यांसाठी खाली, जितके शार्प-फ्लॅट तितकी बोटं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस नॅशव्हिलच्या स्टुडिओत नील मॅथ्यूज यांनी कॉर्डांना आकडे देण्याची रीत काढली. पट्टी बदलली तरी कागद बदलायला नको. आपल्या सारेगमला हे काही नवीन नाही. 'सा' कुठेही ठेवा, लिहिलेलं तेच राहतं. तिथल्या नाचाच्या फिडलवाल्यांची एक गंमत मात्र घेण्यासारखी आहे. धून सुरू करण्याआधी ते एकाच स्वरावर गज रगडत चार घसटे देतात. घसट्यांना ते बटाटे म्हणतात. चार बटाटे पडले की नाचणारे, गिटारवाला, बासवाला सगळे एका लयीत. तोंडानं एक आकडा नाही. बेंजोवर हे सहज जमतं : 'सा'च्या बटणावर चार घसटे, आणि पाचव्यावर गाणं.

आता मोजणी. 'वन टू थ्री फोर' आपल्याकडे इतकं रुळलंय की सहा मात्रांच्या गाण्यालाही पोरं तेच ओरडतात, आणि इथेच घात होतो. पुष्कळशी कोळीगीतं होडीसारखी डोलतात, कारण ती सहाच्या अंगाची, दादऱ्याच्या जवळची. त्यांना चार मोजलं की ढोलकीवाल्याचा हात आपोआप केरव्यात पडतो आणि बेंजो सहात चालत राहतो. हे गाणं मग थांबवूनच परत सुरू करावं लागतं; मधे दुरुस्त होत नाही. सहाच्या गाण्याला दोन मोठ्या टाळ्या मोजाव्यात, प्रत्येक टाळीच्या पोटात तीन मात्रा : 'एक-दोन-तीन, दोन-दोन-तीन'. तोंडानं बोलता आलं नाही तर काठी दोनदाच मारावी, पण दोन टाळ्यांमधली जागा मनात तीन भागांत मोजलेली हवी.

त्याहून अवघड भाग मुखड्याच्या जागेचा. गाण्याचा पहिला शब्द समेवरच पडतो असं नाही. काही मुखडे सम पकडून येतात, आणि त्यांत कुणी चुकत नाही. काही सम सोडून येतात : ठेका पहिल्या मात्रेवर ठणकन वाजतो आणि गायक एक-दोन मात्रा थांबून तोंड उघडतो. तिसरी जात समेच्या आधीच निघते, पहिले एक-दोन शब्द मागच्या आवर्तनातून उचलून आणते आणि वजनाचा शब्द समेवर ठेवते. आठ मात्रांच्या केरव्यात असा मुखडा सातव्या मात्रेवर निघत असेल तर 'एक दोन तीन चार पाच सहा' एवढंच मोजायचं, सात-आठवर गाणं. नवा मोजणारा आठ पूर्ण करतो, गायक सातवर निघालेला असतो, आणि दोघांत दोन मात्रांची फारकत पडते. म्हणून इथे प्रत्येक तोंडाखाली, किती मोजून गप्प बसायचं तो आकडा दिला आहे. माझ्या मते पुस्तिकेतली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच; स्वरलिपी चुकली तर कानानं दुरुस्त होईल.

मोजण्याआधी लय कुठून आणायची? घाईत मोजणारा आपल्या छातीच्या ठोक्यानं मोजतो, आणि मिरवणुकीत ते ठोके जलदच असतात. मिनिटाला 100 मात्रांचं गाणं 120 नं सुरू होतं आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत ताशेवाल्याचे हात भरून येतात. उपाय साधा आहे. पहिली ओळ मनात म्हणू नये. ती सगळ्यांची ताणलेली किंवा धावती असते. जिथे शब्द दाट आहेत ती ओळ मनात म्हणावी, बहुधा कडव्यातली, आणि ती ज्या वेगात जिभेवर नीट बसते तो गाण्याचा वेग. मग मोजावं.

आता थोडं गणित, कारण याशिवाय काठीचं महत्त्व पटत नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. बेंजोची गाडी आणि पुढचा ताशा यांत 34 मीटर अंतर पडलं, जे पेणच्या अरुंद गल्लीत घोळका लांबला की सहज पडतं, तर आवाज पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मिनिटाला 120 मात्रा असतील तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे ताशेवाल्यानं अगदी प्रामाणिकपणे कानानं ठेका धरला तरी तो मात्रेच्या पाचव्या हिश्श्यानं मागे, आणि त्याचा आवाज उलट गाडीपर्यंत येईतो बेंजोवाल्याला तो दुप्पट मागे ऐकू येतो. बेंजोवाला म्हणतो, तो खेचतोय. ताशेवाला म्हणतो, तू पळतोस. भांडण दोघांचं, दोष हवेचा. उजेडाला हा उशीर नाही. वर गेलेली काठी आणि खाली आलेली काठी दोघांनाही एकाच क्षणी दिसते. म्हणून मोजणी ऐकवण्यापेक्षा दाखवावी, काठी डोक्याच्या वर न्यावी, आणि रात्री काठीच्या टोकाला पांढरी पट्टी गुंडाळावी. शिट्टीचा वापर मी सुचवत नाही. ती वाहतुकीच्या पोलिसाची वाटते, आणि कधी कधी असतेही.

ब्रास बँडवाल्यांना मोजून सुरू करणं इंग्रजांच्या पलटणीकडून मिळालेलं आहे. लष्करी बँडात चाल सुरू करताना साइड ड्रमवर दोन रोल वाजतात. पावलं त्यावर पडू लागतात आणि मग पितळ उठतं. लग्नातल्या बँडच्या सुरुवातीला ड्रमची जी घरघर येते ती तिथलीच. आपला ताशेवालाही रोल देतो, पण बऱ्याचदा हौसेनं, न मोजता, मन भरेपर्यंत. रोल मोजलेला हवा. एक उत्तम मोजलेला रोल आपल्या घरात आधीपासून आहे, तो म्हणजे तिहाई. पाच मात्रांचा बोल तीनदा, मधे दोनदा एकेक मात्रेची उसंत. बेरीज सतरा : केरव्याची दोन आवर्तनं भरली आणि शेवटचा फटका पुढच्या समेवर. ढोलकीवाल्यानं ही घेतली की वेगळं 'वन टू थ्री फोर' लागतच नाही. सगळ्यांना सम आधीच दिसते.

मोजणीशिवायही सुरुवात होते, आणि तीही इथलीच आहे. भजनात बुवा ओळ एकदा मोकळी म्हणतात, पखवाजवाला हात राखून ऐकतो आणि दुसऱ्यांदा समेवर थाप टाकतो. गाणंच मोजणी झालं. आगरी लग्नात धवलारीण धवला उचलते तेव्हा तर वाद्यही नसतं; तिनं श्वास घेतला की मागच्या बायका घेतात. खालुबाज्यात सनईचा सूर लांबत राहतो, टिमकी खालून चाचपते आणि ढोल पडला की चाल लागते. ही कसबं या पुस्तिकेत लिहिता आली नाहीत. ती माणसाच्या शेजारी बसून घ्यायची असतात. बेंजो पार्टीतल्या पोरांनी घरातल्या हळदीला, आपला नंबर येण्याआधी, गाडीशी वायरी जोडत न बसता मांडवात जाऊन धवला ऐकावा, एवढं सांगतो. तिथे एकही बाई अर्ध्या मात्रेनं मागे राहत नाही.

नॉनस्टॉपबद्दल वेगळा भाग केला आहे, कारण हल्ली सुपारीत सुटं गाणं उरलंच नाही. एकातून दुसरं काढताना मोजणी वाजता वाजताच करायची असते. ठेका एकच असेल तर नव्या गाण्याचं तोंड जुन्याच्या शेवटच्या आवर्तनावर चढवता येतं. चारातून सहात जाताना मात्र चढवू नये. एक आवर्तन नुसता ताशा ठेवावा आणि काठी नव्यानं दाखवावी. रात्री दहाच्या सुमाराला हे विशेष लागतं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे. सरकार वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट देतं, तेही सगळीकडे नाही. त्यामुळे पावणेदहाला फर्माइशींचा पाऊस पडतो आणि पार्ट्या तोंडं गिळून थेट मुखड्यावर उडी मारतात. गिळू नये. एका आवर्तनाचं तोंड चार सेकंद खातं. त्या चार सेकंदांत गायकाला पट्टी मिळते. ती नाही मिळाली तर तो काळी दोनचं गाणं काळी चारात उचलतो आणि वरच्या ओळीला त्याचा आवाज फाटतो.

वापरण्याबद्दल. स्वरलिपी भातखंडे पद्धतीची आहे. शाळेत किंवा भजनात ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी पेटीवाल्या कुणाकडून तासाभरात समजून घ्यावी. चौकटीतला आकडा म्हणजे किती मोजायचं. त्याच्या पुढची आडवी रेघ म्हणजे तिथे गप्प. काठीची खूण जिथे काढली आहे तिथे ती वर जाते, खाली येते ती पुढच्या मात्रेवर. सहा मात्रांची तोंडं मुद्दाम आधी ठेवली आहेत, चारांची नंतर, कारण चाराची सवय सगळ्यांनाच आहे आणि ती आधी थोडी मोडायला हवी. सराव करताना पहिला आठवडा वाद्य उघडू नका. दिवा-रोहा गाडीत बसून मांडीवर टाळ्या मोजल्या तरी पुरे, फक्त रुळांच्या खडखडाटावर मोजू नका, ती लय गाडीबरोबर बदलते. पट्टी कुठल्याही पानावर छापलेली नाही. वरच्या कोपऱ्यात रिकामी जागा आहे, तिथे ती पेन्सिलीनं लिहायची. पुरुष गाणारा असला तर बहुधा काळी एक-दोन, बाई असली तर काळी चार-पाच, आणि हळदीला ऐनवेळी नवऱ्या मुलाचा मामा माइक हिसकावून घेतो तेव्हा काय ते तुम्हीच बघा.